दोन हिरवे ठिपके

निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांवर दोन बटणांशेजारी बारीकसा हिरवा ठिपका असतो. कॅमेरा जुना होतो, पट्टा विरतो, तरी हे ठिपके कशासाठी आहेत ते मालकाला ठाऊक नसतं. शोभेचे असावेत, असं समजून बोट त्यांच्यावरून पुढे सरकतं. ही दोन्ही बटणं एकदम दाबून दोन सेकंदांहून जास्त वेळ धरली, की वरचा छोटा डिस्प्ले क्षणभर विझतो आणि पुन्हा लागतो. तेवढ्यात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार फोटोच्या रंगांची जुळणी), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो जरा उजळ किंवा गडद करणं), फोकस पॉइंट अशी मंडळी आपापल्या मूळ जागी, म्हणजे डिफॉल्टवर, जाऊन बसलेली असतात. पाटी पुसायला, म्हणजे रीसेटला, दोन बोटं आणि दोन सेकंद लागावेत, हा शहाणपणाचा विचार आहे. एका बटणावर हे काम सोपवलं असतं, तर कॅमेरा पिशवीतून काढतानाच निम्म्या लोकांची पाटी कोरी झाली असती.

‘डिफॉल्ट’ हा शब्द मराठीत आला तो बँकेच्या दारातून. हप्ता थकवणारा तो डिफॉल्टर. कॅमेऱ्यात मात्र डिफॉल्ट म्हणजे सगळ्यात सालस वागणूक: ऑटो व्हाइट बॅलन्स, सिंगल शॉट, एसआरजीबी (रंगांची नेहमीची पेटी), जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो). कुणाचंच नुकसान होऊ नये आणि कुणाचं फारसं भलंही होऊ नये, अशा बेताने कारखान्यात बसवलेली.

रीसेटची वेळ येते ती बहुधा कॅमेरा दुसऱ्या हातात जाऊन परत आल्यावर. कॅमेरा बंद केला की तो विसरतो, हा गैरसमज. बॅटरी काढून ठेवली की विसरतो, हा त्याहून मोठा. सेटिंग्ज आतल्या मेमरीत लिहिलेल्या असतात, त्यांना विजेची गरज नसते. बॅटरी फार दिवस बाहेर राहिली तर भरकटतं ते घड्याळ, कारण त्याचा वेगळा छोटा सेल मुख्य बॅटरीकडून उधारीवर चार्ज होत असतो. (कॅनन ३५०डीसारख्या जुन्या कॅमेऱ्यांत त्यासाठी सीआर२०१६ ही चपटी गोल बॅटरी घालावी लागे.)

त्यामुळे सीमांतपूजनाच्या रात्री हॉलच्या पिवळ्या दिव्यांसाठी कुणी व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर नेला, तर सकाळी अंगणात तो तिथेच असतो. टंगस्टन म्हणजे साधारण ३००० ते ३२०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) आणि ऊन ५२०० च्या आसपास. दिवा पिवळा आहे असं धरून चाललेला कॅमेरा उन्हातही निळा रंग ओततो, आणि हळद लागलेली नवरी निळसर दिसते. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, काढले असतील तर नंतर संगणकावर एका फेरीत सगळं सरळ होतं. जेपेग असतील तर नवरीची हळद परत आणायला बरीच खटपट लागते, आणि तरी ती पुरती येत नाही.

याहून चकवणारा प्रकार ब्रॅकेटिंगचा, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो ओळीने काढण्याचा. एक फोटो ठीक, एक काळवंडलेला, एक भाजलेला, आणि पुन्हा तोच क्रम. माणूस आधी लेन्सवर संशय घेतो, मग सेन्सरवर, मग दुकानदारावर. खरं कारण एवढंच, की कुणीतरी ब्रॅकेटिंगचं बीकेटी बटण दाबून चाक फिरवलेलं असतं. कॅननमध्ये कॅमेरा बंद केला की हे ब्रॅकेटिंग सहसा आपोआप सुटतं. निकॉनमध्ये ते मुक्कामाला राहतं.

दोन ठिपक्यांची पोच मात्र मर्यादित आहे. कस्टम सेटिंग्जच्या मेनूला ते हात लावत नाहीत. तिथला रीसेट वेगळा, शूटिंग मेनूचा आणखी वेगळा. कॅननमध्ये पिवळ्या पानाच्या सेटअप मेनूत ‘क्लिअर ऑल कॅमेरा सेटिंग्ज’ असतं, आणि कस्टम फंक्शन्स पुसायची ओळ निराळी. पुष्कळांना हा पर्याय सापडतच नाही, कारण वरचा मोड डायल पूर्ण ऑटोवर असतो आणि त्या मोडमध्ये कॅमेरा मेनूची बरीच पानं झाकून ठेवतो. डायल पी (प्रोग्राम) वर आणला की ओळ दिसते. नव्या आर मालिकेत याच कामाला ‘रीसेट कॅमेरा’ म्हणतात. सोनीत दोन पायऱ्या आहेत: ‘कॅमेरा सेटिंग्ज रीसेट’ हा झाडू-पोछा, आणि ‘इनिशियलाइझ’ म्हणजे थेट भिंती खरवडणं. हे काम चालू असताना बॅटरी काढायची नाही. आणि या सगळ्यात कार्डावरचे फोटो जात नाहीत. ते जातात फॉरमॅटने. दोन्ही पर्याय सेटअप मेनूतच असल्यामुळे घाईत गल्लत होते, आणि ती फार महाग पडते.

रीसेट करण्याआधी मेनूची पानं एकेक उघडून मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. पाच मिनिटांचं काम आहे. काही कॅमेऱ्यांत सगळ्या सेटिंग्ज कार्डावर उतरवून ठेवायची सोय असते, ती असेल तर उत्तमच. हे सांगायचं कारण रॉ. निकॉनचा डिफॉल्ट आहे जेपेग नॉर्मल. रॉमध्ये काढणारा माणूस दोन ठिपके दाबून मोकळा होतो, दिवसभर फोटो काढतो आणि रात्री संगणकापाशी कपाळाला हात लावतो. डिफॉल्टने त्याची खोड मोडली, तशी सवयही मोडली.

रंग उगाच फिके दिसत असतील तर आधी फाइलचं नाव पाहावं. डीएससी किंवा आयएमजी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाऐवजी सुरुवातीलाच खालची आडवी रेघ दिसली, तर कॅमेरा अॅडोबी आरजीबी या रंगांच्या दुसऱ्या पेटीत गेला आहे. त्यासाठी सगळी पाटी पुसायची गरज नाही. कलर स्पेसची एक ओळ एसआरजीबीवर आणली की झालं. कॅमेरा स्वतःच चुगली करत असतो, फक्त नावाच्या पहिल्या खुणेतून.

काही गोष्टी रीसेटच्या बापालाही ऐकत नाहीत, कारण त्या खटक्यात आणि चाकात आहेत. लेन्सच्या कडेचा एएफ-एमएफ खटका एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर, असेल, तर मेनू दहादा पुसूनही फोकस होणार नाही. मोड डायलचं तेच. फुजीच्या ज्या मॉडेलांवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा स्वतंत्र डायल आहे, तो उणे एकवर असला की रीसेटनंतरही उणे एकवरच, म्हणजे फोटोला उजेड निम्मा. व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर आणि फोटो मात्र स्वच्छ, असं असेल तर त्याच्या शेजारचं डायॉप्टरचं चिमुकलं चाक चष्मेवाल्या काकांनी फिरवलेलं आहे. ते आपल्या डोळ्याला जुळवताना समोरच्या दृश्याकडे बघू नये, आतले आकडे धारदार दिसेपर्यंत फिरवावं. कॅननवर ‘एरर ०१’ येत असेल तर लेन्स काढून कॅमेऱ्याशी जोड देणाऱ्या सोनेरी टिकल्या कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात. मेनूत त्याचा इलाज नाही.

पूर्ण रीसेट केलाच, तर निघण्याआधी तारीख-वेळ पाहावी. व्हिडिओ पॅलवर (आपल्याकडची पद्धत; दुसरी एनटीएससी) आहे ना तेही पाहावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे एनटीएससीच्या वेगात ट्यूबलाइटखाली चित्रावरून काळे पट्टे सरकतात. शटर १/५० वर ठेवलं की ते थांबतात. कॅनन असेल तर ‘रिलीज शटर विदाउट कार्ड’ बंद करावं. ते मूळचं चालू असतं, आणि कार्ड घरी राहिलं तरी कॅमेरा इमानेइतबारे खटखटत राहतो.

आणि बीप. तीही मूळ स्वभावात परत येते. अंतरपाट धरलेला असतो, शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं, सगळे श्वास रोखून अक्षता मुठीत धरून उभे असतात, आणि फोकस लागल्याची वर्दी सगळ्या मांडवाला जाते.