ग्रीस नव्हे, तेल

कव्हेंट्रीजवळच्या ज्या गॅरेजात मी जुन्या ब्रिटिश गाड्यांची कामे करतो, तेथे गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक सत्तरीचे गृहस्थ १९७६ची ट्रायम्फ स्पिटफायर १५०० घेऊन आले. गाडी याच शहरात बांधलेली होती. दोन दिवसांनी स्कॉटलंडला निघायचे असल्याने टायर तेवढे पाहून द्यावेत, आणि स्टिअरिंग अलीकडे जड लागते त्याचेही कारण बहुधा टायरच असावे, असे त्यांचे म्हणणे होते.

टायर खरोखरच बदलण्याजोगे होते. नक्षी जवळजवळ नव्यासारखी खोल असली तरी कडेवरचे शेवटचे चार आकडे २३०७ होते, म्हणजे ते २००७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले होते आणि त्यांचे रबर दगडासारखे कडक होऊन बारीक तडकले होते. शिवाय चारही चाकांत सारखीच हवा होती. या गाडीला मागच्यापेक्षा पुढे कमी हवा लागते, नाहीतर वळणावर मागची बाजू निसटू पाहते. हे पाहून मीही टायरवरच थांबलो असतो. पण गाडी आत घेताना वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नव्हते, ही गोष्ट मला खटकली होती.

पुढची चाके उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर घेतली, टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी सळई) सोडवला आणि हब, म्हणजे चाक बसते तो भाग, स्टिअरिंगसारखा डावी-उजवीकडे हाताने फिरवून पाहिला. उजवा सहज फिरला. डावा मध्येच घट्ट होई आणि करकर वाजे.

स्पिटफायरचे पुढचे सस्पेन्शन मूळचे ट्रायम्फ हेरल्ड या आधीच्या गाडीचे आहे. चाकाला पेलणाऱ्या उभ्या पोलादी दांड्याचे खालचे टोक आट्यांचे असते आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी रंगाच्या भागात बसते. स्टिअरिंग वळवले की दांडा त्या आट्यांत फिरतो, म्हणजे तेथे आटे हेच बेअरिंग असते. या जागी घट्ट ग्रीस चालत नाही, ९० नंबरचे गिअर ऑइल लागते. ग्रीस कालांतराने वाळते, खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, आणि तेथे शिरलेले पाणी पोलादाला आतून खात राहते. हे मी इंग्लंडमध्ये शिकलो नाही. मद्रासला १९६१पासून याच हेरल्डची भारतीय आवृत्ती, स्टँडर्ड हेरल्ड, तयार होत असे आणि माझ्या वडिलांनी लालबागच्या गॅरेजात अशा कित्येक गाड्या दुरुस्त केल्या. ट्रनियनला ग्रीसगन लावणाऱ्या पोऱ्याच्या हातातून ते गन काढून घेत.

मालकांना विचारले तेव्हा त्यांनी अभिमानाने वही दाखवली. दर सहा महिन्यांनी, तारखेसह, "ट्रनियन: ग्रीस". चाळीस वर्षांवरील गाड्यांना २०१८पासून ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणाची नजर त्यावर पडली नव्हती.

दांडा काढून पुसला तर आट्यांच्या वरच्या बाजूला केसाएवढी रेघ दिसली. शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून पाइपाने ओढला आणि तो तुटला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग गंजाने काळा पडला होता, उरलेलाच चकचकीत होता. म्हणजे तडा फार दिवसांपासून वाढत होता आणि चाक उरलेल्या पोलादाच्या भरवशावर फिरत होते. ते गृहस्थ तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. निष्काळजी माणसाची गाडी अशी निघाली असती तर मला इतके वाईट वाटले नसते.

स्कॉटलंड आठ दिवस पुढे गेले. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन बदलले. डाव्या-उजव्यांचे आटे उलट असतात, आणि ट्रनियन पूर्ण आवळून मग थोडा मागे फिरवावा लागतो. नाहीतर पूर्ण वळणावर तो अडतो आणि नवा दांडाही मोडतो. सांध्यांतल्या रबरी बुशांचे (रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजन पडल्यावरच शेवटचे आवळले, कारण लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. त्यानंतर नवे टायर आणि अलाइनमेंट.

ऑइल मात्र मी भरले नाही; गन त्यांच्या हातात दिली. वरच्या सीलमधून तेल बाहेर येईपर्यंत दाबायला सांगितले. फरशीवर थेंब पडताच ते दचकले, तेव्हा मी म्हणालो की येथे थोडे गळणे चांगले, ते थांबले तर माझ्याकडे या. त्यांनी खिशातून वही काढली आणि उभ्या उभ्या लिहून घेतले.