दारातला बहावा

सहा वर्षांपूर्वी टेकडीवरून बहाव्याची एक शेंग उचलून आणलेली, काळी, दीड फुटी, हलवली की खुळखुळणारी. आत नाण्यांची चळत रचावी तसे कप्पे, चिकट काळा गर आणि कप्प्याकप्प्यात एकेक चपटी बी. मी शहाणीने तशाच पेरल्या, दोन महिने कुंडीला नुसतं पाणी घालत बसले, काहीच नाही. आई म्हणाली, अगं कवच टणक असतं त्याचं, घासून घे. मग पॉलिश पेपरवर एक बाजू घासली, रात्रभर पाण्यात ठेवल्या, सकाळी टम्म फुगलेल्या आणि आठवड्याभरात कोंब!

पहिली दोन वर्षं जाम हळू वाढतो हा. त्यात पावसाळ्यात हिरव्या अळ्यांनी पानांची चाळण केली, फवारणारच होते, पण या अळ्यांचीच पुढे पिवळसर फुलपाखरं होतात आणि ती बहावा-टाकळ्यासारख्या झाडांवर वाढतात म्हणून सोडलं, पंधरा दिवसांत नवी पालवी. भरपूर ऊन हवं, पाणी साचायला नको, बाकी लाड शून्य. यंदा एप्रिलात सगळी पानं गाळून बसला, म्हटलं गेला हा, आणि एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर सहा पिवळे घोस लोंबतायत. शेजारच्या काकूंना पायरीवरचा कचरा दिसतो फक्त. दिसू दे.