मारिओची उडी नक्की असते कुठे?

गेल्या रविवारी दादाकडे गेले होते, मानपाड्याला. दहावीच्या मार्कांवर ओजसने, म्हणजे माझ्या भाच्याने, पीएस फाइव्ह, म्हणजे सोनीचं गेम खेळायचं मशीन, पदरात पाडून घेतलंय आणि महिनाभर फोनवर एकच चालू होतं, आत्या कधी येतेयस, तुला एक गोष्ट दाखवायचीय. मला वाटलं फुटबॉल असेल नाहीतर गाड्यांची रेस. त्याने त्यातलं काहीच लावलं नाही. कंट्रोलर माझ्या हातात दिला, टीव्हीवर एक पिटुकला पांढरा रोबो आला आणि ओजस म्हणाला, "डोळे मिट आणि नुसतं चालव त्याला."

मिटले डोळे. आधी तळहाताला बारीक खरखर लागली, म्हटलं ही वाळू, मग एकदम कडक टक टक टक, म्हणजे धातूवर आलाय, मग सगळं गुळगुळीत सटकल्यासारखं, तर तो बर्फ. डोळे उघडून बघितलं तर बरोबर. पुढे एका ठिकाणी त्या रोबोला स्प्रिंगवाला बेडकासारखा ड्रेस मिळतो आणि उडी मारायला मागचा ट्रिगर दाबायचा असतो, तर तो ट्रिगर बोटाला चक्क उलटा ढकलतो, खरीखुरी स्प्रिंग दाबतोय असं वाटतं. आत छोटी मोटर आहे आणि कुठल्या क्षणाला किती जोर लावायचा हे तिला गेम सांगतो.

गेमचं नाव ॲस्ट्रोज प्लेरूम. २०२० मध्ये पीएस फाइव्ह आला तेव्हापासून मशीनच्या आतच फुकट भरलेला असतो, लेव्हलसुद्धा मशीनच्या पार्टवरून, एक कूलिंगची, एक मेमरीची, एक एसएसडीची, म्हणजे डेटा साठवणाऱ्या वेगवान चिपची. सोनीच्याच टीम असोबी नावाच्या स्टुडिओने बनवलाय, आणि कंट्रोलर अजून अर्धवट होता, नुसते नमुने फिरत होते, तेव्हापासून ही मंडळी त्यावर छोटे छोटे खेळ करून बघत होती. हे वाचलं आणि मग रात्री झोपच येईना.

का ते सांगते. मी फर्मवेअर लिहिते, महापेला, चौदा वर्षं झाली. म्हणजे मशीनच्या पोटात जो प्रोग्रॅम असतो, बटण दाबलं की काय व्हायचं ते ठरवणारा, तो. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही मीटर रीडिंग घ्यायचं हातातलं मशीन केलं होतं. हार्डवेअरवाले दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्यावर. त्यांनी बोर्ड केला, डबा केला, साचा काढला, आणि मग ते मशीन आमच्या टेबलावर आलं की घ्या आता यात प्रोग्रॅम टाका. एंटरचं बटण स्क्रीनच्या अगदी खाली चिकटून. ऑफिसात टेबलावर ठेवून बोटाने दाबलं तर काही कळायचं नाही. नंतर एकदा कळव्याला एका रीडरकाकांबरोबर फिरले तेव्हा बघितलं, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात मशीन, त्यामुळे दाबायचं ते अंगठ्यानेच, आणि अंगठा नेला की शेवटचे दोन आकडे अंगठ्याखाली झाकले जायचे. ते प्रत्येक घरापाशी अंगठा उचलायचे, आकडा वाचायचे, परत अंगठा ठेवून दाबायचे. दिवसाला शेकडो घरं. परत येऊन मी सांगितलं बटण इंचभर खाली घ्या, तर उत्तर मिळालं, साचा निघालाय मॅडम, आता सॉफ्टवेअरमध्ये ॲडजस्ट करा. ते रीडरकाका अजून डोळ्यासमोर येतात माझ्या.

म्हणून मला गेमच्या मशीनची गोष्ट इतकी जवळची वाटते, कारण तिथे निदान काही लोकांनी दोन्ही मजले एकत्र आणले.

निन्टेंडो या जपानी कंपनीचं निन्टेंडो ६४ हे मशीन घ्या. १९९६ मध्ये ते आलं तेव्हा त्याच्या कंट्रोलरच्या मधोमध एक छोटा दांडा होता, अंगठ्याने कलवायचा. तोपर्यंत घरच्या मशीनवर बहुतेक अधिकच्या चिन्हासारखं बटण, वर खाली डावी उजवी, एवढंच. आता मारिओला मोकळ्या मैदानात कुठल्याही दिशेला पळायचं होतं, थोडा दांडा कलवला तर चोरपावलांनी, पूर्ण कलवला तर धावत. सुपर मारिओ ६४ आणि तो दांडा एकाच वेळी घडत होते, मारिओ घडवणाऱ्या मियामोतोंची माणसं गेम करता करता दांडा तपासत होती आणि दांडा बघून गेम बदलत होती. असं म्हणतात की लेव्हल वगैरे होण्याआधी कितीतरी दिवस मारिओला नुसतं पळवून, उड्या मारायला लावून एका सशामागे पळवत होते, फक्त पळण्यात मजा आहे का ते बघायला. तो ससा अजून गेममध्ये आहे आणि त्याचं नाव मिप्स, मशीनमधला प्रोसेसर मिप्स जातीचा होता म्हणून! मला हे फार आवडतं.

त्याच मशीनवर उलटंही झालं बरं का. मारिओ पार्टी नावाच्या गेममध्ये काही खेळ असे होते की दांडा जितक्या जोरात गरागरा फिरवाल तितकं चांगलं, आणि पोरं अंगठा सोडून तळहाताने तो फिरवायला लागली, हातांना फोड आले, सालटी निघाली, शेवटी २००० मध्ये अमेरिकेत कंपनीला हातमोजे द्यायचं कबूल करावं लागलं. निन्टेंडोनेच विकलेला गेम, निन्टेंडोचाच दांडा, तरी हाताचा विचार सुटला की हे होतं.

पण माझ्यासाठी सगळ्याची सुरुवात फॅमिकॉमपासून, निन्टेंडोच्याच घरच्या मशीनपासून. १९८३, किंमत १४,८०० येन. ते डिझाइन करणारे मासायुकी उएमुरा यांच्यासमोर माप म्हणून एक गेम होता, दुकानातल्या मोठ्या मशीनवरचा डाँकी काँग, तो घरच्या टीव्हीवर नीट चालला पाहिजे. किती चिप, किती मेमरी, एका ओळीत किती हलती चित्रं, सगळं त्या मापाने. आणि हातात काय द्यायचं, तर ते अधिकच्या चिन्हासारखं बटण, जे निन्टेंडोच्याच गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये डाँकी काँगच्याच छोट्या हातातल्या गेमसाठी काढलं होतं. म्हणजे बघा, एका गेममुळे बटण आलं, त्याच गेममुळे मशीन आलं, आणि मग त्या मशीनवर, त्या बटणाने, १९८५ मध्ये मारिओ आला.

आमच्याकडे जे होतं ते फॅमिकॉम नव्हतं, जांभळी नाक्यावरून बाबांनी आणलेली नक्कल होती, आम्ही त्याला नुसतं व्हिडिओ गेम म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट. चालत नसेल तर फुंकायची. मी आणि दादा, एक लाइफ तुझी एक माझी, आणि आईची ओरड की टीव्ही तापलाय. त्या मारिओची उडी मला आजही अंगठ्यात आठवते. लहान दाबलं तर लहान उडी, दाबून धरलं तर उंच, कारण ए बटण दाबलेलं असेपर्यंत वर जाताना मारिओला खाली ओढणारा जोर गेम कमी करतो. आणि पळत उडी मारायची असेल तर अंगठ्याच्या टोकाने बी धरून ठेवायचं आणि अंगठा आडवा कलंडून त्याच्याच पेराने ए दाबायचं. बटणं दोन सेंटिमीटर जरी लांब असती तर ही उडीच झाली नसती! आणि अजून एक, आम्हा फर्मवेअरवाल्यांना बटणाची थरथर माहीत असते, म्हणजे बटण एकदा दाबलं तरी आतला स्पर्श काही मिलिसेकंद जोड तोड जोड करतो आणि एका दाबाचे चार दाब मोजले जातात, त्यासाठी आम्ही वेगळा कोड लिहितो. फॅमिकॉममध्ये गेम बटणं साधारणपणे फ्रेमला, म्हणजे टीव्हीवरच्या एकेका चित्राला, एकदा वाचतो, म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंदांनी, त्यामुळे मधली बरीचशी थरथर त्याला दिसतच नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ऐरोलीच्या सिग्नलला बसमध्ये बसल्या बसल्या हसले होते.

सगळा मारिओ ४० किलोबाइटचा. सकाळी व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचा जो फुलांचा फोटो येतो तोसुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो. म्हणून त्यातला ढग आणि त्यातलं झुडूप हे एकच चित्र आहे, रंग बदललेला. तीस वर्षं दोन्ही बघत होते, कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि आता एक गोष्ट जी कळल्यावर दादाला मी रात्री अकराला फोन केला. मूळ मशीन जपानी टीव्हीसाठी, सेकंदाला ६० फ्रेम, आणि गेमचं सगळं घड्याळ फ्रेमवर चालतं, प्रत्येक फ्रेमला मारिओ एक पाऊल पुढे. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, ५० फ्रेमवाले, आणि नकली मशीन ५० वर चालवलेलं, पण आतला गेम तोच ६० वाला. म्हणजे आमचा मारिओ जपानमधल्या मारिओपेक्षा एक षष्ठांश हळू पळत होता, गाणंसुद्धा हळू वाजत होतं. दादा थोडा वेळ गप्प आणि मग म्हणाला, "म्हणून यूट्यूबवर ते गाणं घाई केल्यासारखं वाटतं होय." गेम, चिप आणि टीव्ही यांची गाठ इतकी पक्की होती की एक बदललं की आमचं बालपणच एक पंचमांश लांब झालं.

योकोईंबद्दल थोडं अजून लिहायचंय. त्यांचं म्हणणं होतं की मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. १९८९ चा गेम बॉय तसाच. हिरवट स्क्रीन, चारच छटा, आणि काही वेगाने हललं की मागे धुरासारखी रेघ राहायची. त्याच वर्षी अटारीचं रंगीत स्क्रीनवालं मशीन आलं, पुढच्या वर्षी सेगाचं, पण त्यांना सहा सेल लागायचे आणि ते बघता बघता संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर चालायचा. आणि परदेशात सोबत दिला काय तर टेट्रिस. विचार करून बघा, टेट्रिसमध्ये विटा एकेक घर खाली येतात, मागचं मैदान हलतच नाही, रंग नसला तरी आकार ओळखू येतो. त्या कमजोर स्क्रीनचं उणं ज्या गेममध्ये दिसणारच नाही असा गेम त्यांनी पुढे ठेवला. माझ्या मते हे सगळ्यात अवघड काम, मशीन काय करू शकत नाही ते मान्य करून गेम निवडणं.

कधी गेमवाल्यांनी मशीनवाल्यांना हलवलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० मध्ये आधी २५६ एमबी मेमरी ठरली होती, एपिक या गेम कंपनीने आपला गिअर्स ऑफ वॉर कमी मेमरीत कसा दिसेल आणि जास्त मेमरीत कसा ते दाखवलं आणि ती ५१२ झाली. उलट सोनीच्या पीएस थ्रीमध्ये, २००६ ची गोष्ट, सेल नावाचा जबरदस्त प्रोसेसर होता, पण त्यात छोटे छोटे वेगळे कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, प्रत्येकाला स्वतःची फक्त २५६ केबीची मेमरी, कुठला डेटा कधी कुणाकडे न्यायचा ते सगळं प्रोग्रॅमरने बघायचं. ताकद होती, ती काढून घेताना लोकांचा जीव गेला. तिथेही मला आमचे दुसरा आणि चौथा मजलाच दिसतात.

पुढच्या वेळी सोनीने मशीन आखायचं काम दिलं मार्क सर्नींना, जे स्वतः विशीच्या आत अटारीला गेम बनवायला गेलेले. त्यांनी आधी गेमवाल्यांना जाऊन विचारलं तुम्हाला काय हवंय. पीएस फाइव्हच्या वेळी एसएसडी हवी हे सगळे सांगत होते. का, तर जुन्या हार्ड डिस्कमध्ये एकेका वस्तूसाठी काटा इकडून तिकडे फिरवायला वेळ जातो, म्हणून स्पायडरमॅनच्या गेममध्ये शहराच्या प्रत्येक भागाबरोबर तीच पोस्टाची पेटी वगैरे परत परत ठेवावी लागत होती, काही गोष्टी ४०० वेळा. घरात कात्री शोधायला वेळ जातो म्हणून प्रत्येक खोलीत वेगळी कात्री ठेवावी तसं. सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारी एसएसडी आली आणि त्या कात्र्यांची गरजच संपली.

तर परवा नौपाड्याला आईकडे गेले आणि माळ्यावरून आमचा व्हिडिओ गेम काढला. बंदुकीसकट. डबा उघडला तर आत काळा डांबरासारखा ठिपका, त्याच्याखाली चिप, म्हणजे सगळं मशीन. पिन वगैरे पुसून मानपाड्याला नेला, दादाच्या एलईडी टीव्हीला लावला आणि चक्क सुरू झाला. बदकांचा गेम लावला. ओजसने नेम धरून दहा गोळ्या मारल्या, एकही लागेना. "आत्या, बंदूक बिघडलीय."

बिघडली नव्हती. बंदुकीतून काही निघत नाही, तिच्या नळीत एक डोळा आहे. ट्रिगर दाबला की गेम एका फ्रेमपुरता अख्खा स्क्रीन काळा करतो, मग जिथे बदक आहे तिथे पांढरा चौकोन काढतो, आणि त्याच क्षणी बंदुकीला विचारतो, उजेड दिसला का. जुन्या डबा टीव्हीत चित्र आलं की तिथल्या तिथे उजळतं, नवीन टीव्ही ते चित्र आधी साठवतो, साफ करतो, मग दाखवतो, तोपर्यंत गेमचं विचारून झालेलं असतं. बंदुकीचं सर्किटसुद्धा जुन्या टीव्हीच्या उजेडाच्या थरथरीवरच जुळवलेलं. मी हे सगळं सांगत होते आणि ओजस नळीत डोळा लावून बघत होता.

"म्हणजे टीव्हीपण गेमचाच पार्ट होता?"

"हो."

मग त्याने मोबाइल काढला आणि मानपाड्यात जुना डबा टीव्ही विकत कोण देईल ते शोधायला लागला. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, घरात आणलात तर बघा. आम्हाला शेवटी वागळे इस्टेटला एक रिपेअरवाला सापडलाय, त्याच्याकडे चौदा इंची आहे, शनिवारी जाणार आहोत बंदूक घेऊन.