मापोमधली निखाऱ्यावरची पार्टी

काल ऑफिसमधली मंडळी दक्षिण कोरियातल्या सोलमधल्या मापो भागात जेवायला घेऊन गेली, हॉटेल म्हणजे अगदी साधं, गोल पत्र्याची टेबलं, वरून लोंबणारे धूर ओढायचे पाइप आणि स्टूलचं झाकण उघडून आत कोट कोंबायचा म्हणजे वास लागत नाही (लागतोच). मधल्या खड्ड्यात लाकडी कोळशाचे लालभडक निखारे आणून ठेवले आणि वर जाळी. मागवलं गाल्मेगीसाल, म्हणजे डुकराच्या छाती-पोटामधल्या पडद्याचं मांस, दिसायला एकदम लालबुंद. खरी मजा पुढे. जाळीभोवती गोल पन्हळ असते, त्यात वाढणाऱ्या मावशींनी किटलीतून फेटलेलं अंडं ओतलं, कांद्याची पात, किमची (आंबवलेला तिखट कोबी) घातली आणि मांस भाजेपर्यंत कडेकडेने मस्त फुगलेलं ऑम्लेट तयार!! मग मावशींनी कात्री काढली आणि मांस कचाकच कापलं, आपली आई कोथिंबीरसुद्धा इतक्या झटपट चिरत नाही. लेट्यूसच्या पानात मांसाचा तुकडा, भाजलेला लसूण, थोडं सामजांग (सोयाबीन-मिरचीची घट्ट चटणी), गुंडाळायचं आणि अख्खं तोंडात, अर्धं चावलं तर सगळं शर्टावर. सोबतच्या तोंडीलावण्याच्या वाट्या संपल्या की परत भरून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, हे मला फार आवडतं. सोजू (कोरियन दारू) मात्र जरा जपूनच, मोठ्यांनी ओतली की ग्लास दोन्ही हातांनी धरायचा आणि पिताना तोंड बाजूला वळवायचं. शेवटी बर्फाळ रश्शातल्या थंडगार नूडल्स, एवढ्या धुरानंतर त्या हव्याच. बिल टीम लीडरने दिलं, आपण वादच घातला नाही 😄