गाडी चाललीच नाही

माझं गॅरेज परळला. दोन गाड्या आत मावतात, तिसरी अर्धी गल्लीत राहते. गणपतीच्या आठवड्यात मात्र रांग गल्लीच्या टोकाला जाते. परळ-लालबागमधल्या कितीतरी घरांचं गाव कोकणात, आणि प्रत्येकाला चतुर्थीच्या आधी पोचायचं असतं. ऑइल बदल, हवा बघ, वायपर लाव, की निघाले.

३० ऑगस्ट २०२२, मंगळवार. हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. कोविडनंतरचा तो पहिला मोकळा गणपती होता. दोन वर्षं गावाचं तोंड न बघितलेली माणसं त्या वर्षी निघाली होती आणि त्यांच्याबरोबर दोन वर्षं जागेवरून न हललेल्या गाड्याही.

साडेअकराच्या सुमाराला पलीकडच्या सोसायटीतले काका गाडी घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. गाडी २०१५ची, पांढरी, छोटी. बाहेरून अशी लखलखीत, की बघत राहावं. रोज सकाळी सातला स्वतः बादली-फडकं घेऊन ती पुसताना मी त्यांना कित्येकदा बघितलंय.

"फक्त ऑइल बदल आणि हवा बघ. रात्री दहाला निघायचंय. खेडच्या पुढे गाव आमचं. आम्ही पाच जण आणि मूर्ती."

"शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, काका?"

"२०१९च्या दिवाळीत. पण त्यानंतर गाडी चाललीच नाही रे. अठ्ठावीस हजार झालेत फक्त."

चोवीस वर्षं या धंद्यात आहे. "गाडी चाललीच नाही" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. रोज पळणारी टॅक्सी कुरकुरते, खडखडते, मालक लगेच धावत येतो. उभी गाडी काही बोलत नाही. आणि आपल्या मुंबईत गाड्या उभ्याच असतात. कामावर जायचं लोकलने, रविवारी बाहेर काढली तर परत आल्यावर पार्किंग मिळेल याची खात्री नाही, म्हणून कव्हर घालून ठेवायची आणि गणपती-मे महिन्यात गावाला न्यायची. समुद्राची खारी, दमट हवा बारा महिने कव्हरखाली शिरत असते. किलोमीटरचा काटा हलत नाही म्हणून मालक निवांत. पण बॅटरी, रबर, टायर, ब्रेक ऑइल यांना किलोमीटर कळत नाहीत, त्यांचं वय तारखेने वाढतं.

"दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवतो," काका म्हणाले. हेही बरेच जण करतात, आणि चांगल्या मनाने करतात. पण पाच मिनिटांत इंजिन नीट गरमही होत नाही. पेट्रोल जळताना जे पाणी तयार होतं ते उडून न जाता ऑइलमध्येच राहतं. आणि स्टार्टर मारताना बॅटरीतून जेवढं गेलं तेवढं भरूनही येत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी खरोखर चालवली तर इंजिन, बॅटरी, ब्रेक, टायर सगळ्यांना काम मिळतं.

बोनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कागदाचे कपटे आणून ठेवले होते, वायर मात्र वाचल्या होत्या. बॅटरी ठीक होती. स्टेपनीवर चार आकडे होते, ०८१५. म्हणजे २०१५ सालातल्या आठव्या आठवड्यात बनलेला टायर. साडेसात वर्षांचा, एकदाही रस्त्याला न लागलेला आणि बाजूने भेगाळलेला. हे सगळं मी काकांना सांगत होतो आणि ते घड्याळ बघत होते.

मग मी ब्रेक ऑइलच्या डबीवर टॉर्च धरला.

नवीन ब्रेक ऑइल फिकट मधासारखं दिसतं. या डबीत कोरा चहा होता, तोही उकळून उकळून आटलेला. पातळी खालच्या रेघेला टेकलेली. पातळी खाली गेली याचा अर्थ दोनातलं एक: चाकाला दाबून थांबवणारे ब्रेक पॅड झिजलेत, नाहीतर कुठून तरी गळतंय. पाण्याचं प्रमाण बघायची एक पेन मिळते, ती आत बुडवली. लाल दिवा लागला.

"तेल ते तेल. त्यात काय खराब होणार?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "काका, पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर मीठ कसं पाझरतं? ब्रेक ऑइलही तसंच हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी चालो, न चालो." घाटात उतरताना ब्रेक तापतात. डॉट ४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्के पाणी शिरलं की तीच हद्द १५५ अंशांवर येते, आणि पाणी वाढेल तशी आणखी खाली. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो, थेट तळाला लागतो, आणि गाडी थांबत नाही. शहरात हे कधीच कळत नाही, कारण शहरात ब्रेक तेवढे तापतच नाहीत. बहुतेक मॅन्युअलमध्ये दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं लिहिलेलं असतं. ती ओळ वाचलेला गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलाय.

"चारही चाकं उघडतो. थोडा वेळ द्या."

काकांचा चेहरा बदलला. "हे बघ, आजच्या दिवशी नको. पाचला लालबागहून मूर्ती आणायची आहे, हिचा उपास आहे, सामान अजून बांधायचंय. आणि पॅड बघितलेत मी रोज पुसताना. जाड आहेत चांगले." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तुम्ही लोक सणासुदीला बरोब्बर काहीतरी काढता."

मला राग आला नाही. बिल फुगवणारे या धंद्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे खरं सांगणाऱ्यावरही विश्वास बसत नाही. पण मी चावी दिली नाही.

त्याला कारण आहे. २०११च्या मे महिन्यात अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. तेव्हाही घाई, तेव्हाही "चाललीच नाही". मी इंजिनचं ऑइल बदललं, हवा भरली, काच पुसली, पैसे घेतले. ब्रेक ऑइलचा काळा रंग मला दिसला होता. मनात आलं, परत आले की सांगू. दोन दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना पेडल तळाला गेलं. त्यांनी डोकं शांत ठेवून गिअर खाली घेतले, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासली आणि गटारात घालून थांबवली. दुसरी बाजू दरीची होती. त्यांच्या बायकोचा हात मोडला, मुलगी काचेवर आपटली. फोनवर ते मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. फक्त विचारलं, "तू बघितलं होतंस का रे ब्रेकचं?" मी हो म्हणालो. त्यानंतर ते माझ्याकडे कधी आले नाहीत. बरोबरच केलं त्यांनी.

हे मी काकांना सांगितलं. सगळं, माझ्या चुकीसकट. ते स्टुलावर बसले. "उघड," म्हणाले.

पुढचं उजवं चाक काढलं. बाहेरचा पॅड खरंच जाड होता, आठ मिलिमीटर. काका उठून जवळ आले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, उघडून आतला पॅड बाहेर काढला आणि दोन्ही पॅड वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. आतल्या पॅडवर मसाला दोन मिलिमीटरही नव्हता. एका कडेला तर पत्रा दिसत होता. डिस्कच्या आतल्या बाजूला बोटाला लागेल अशी चर पडलेली.

या गाड्यांमध्ये पिस्टन आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि मग कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड आणतो. पिनांमधलं ग्रीस सुकलं, गंज धरला की कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटाच झिजत राहतो आणि बाहेरचा तसाच नवा दिसतो. चाकाच्या जाळीतून दिसतो तो बाहेरचाच. काका रोज त्याच्याकडे बघून समाधान मानत होते. मी एक पिन हाताने ओढायला गेलो, येईना. शेवटी हातोडीने ठोकून काढली. तिच्यावर गंजाचे तपकिरी पापुद्रे होते.

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम काढला तर आत ओलं. व्हील सिलिंडरचं रबर कडक होऊन चिरलेलं, त्यातून ऑइल झिरपून ब्रेकशू भिजलेले. म्हणजे चारांपैकी एक चाक जवळजवळ ब्रेकशिवाय, एक पत्र्यावर आलेलं, आणि त्या जोरावर पाच माणसं आणि गणपती रात्री कशेडी घाट उतरणार होते. घाट टाळणारा बोगदा तेव्हा सुरू व्हायचा होता.

काका बराच वेळ त्या दोन पॅडांकडे बघत उभे राहिले. मग खिशातून फोन काढला आणि मुलाला सांगितलं, मूर्ती टॅक्सीने आण.

सामान हवं होतं ऑपेरा हाऊसच्या बाजारातून. त्या दिवशी लालबाग-परळचे रस्ते मूर्ती नेणाऱ्या ट्रॉल्यांनी आणि ढोल-ताशांनी भरलेले. मोटारसायकलवरचा माणूस चिंचपोकळीच्या पुढे गेला नसता. म्हणून पोऱ्याला लोकलने पाठवलं, प्रभादेवीहून चर्नी रोड. पॅड, शू, दोन व्हील सिलिंडर, पिनांची रबरं, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. तो सव्वातीनला परत आला, पिशवी छातीशी धरून, घामाने निथळत.

पिना साफ केल्या, सिलिकॉन ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंची नवी रबरं घातली. डिस्क लेथवर साफ करून घेतली, जाडी हद्दीत होती. मागचे दोन्ही सिलिंडर आणि शू बदलले. टायरवाल्याकडून स्टेपनीला नवा टायर चढवून आणला. या सगळ्याला साडेसहा वाजले.

राहिलं जुनं ब्रेक ऑइल बदलून पाइपातली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी. पोऱ्या दुसऱ्या गाडीखाली होता. मी काकांना म्हटलं, बसा सीटवर. ते बसले.

"दाबा. सोडा. दाबा. सोडा. दाबा आणि धरून ठेवा."

मी चाकाजवळचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, सैल केला. पारदर्शक नळीतून बाटलीत काळं पाणी उतरलं, बरोबर बारीक कचरा. "पाय खाली गेला रे," काका वरून म्हणाले, थोडे घाबरून. जाणारच. निपल बंद केला. "आता सोडा." लांबच्या चाकापासून जवळच्या चाकापर्यंत, प्रत्येक ठिकाणी कितीतरी वेळा. चाळीसएक मिनिटं सत्तर वर्षांचा तो माणूस मुकाट्याने पेडल दाबत होता. काळं गेलं, तांबूस आलं, मग मधासारखं स्वच्छ. शेवटच्या चाकाला निपल आवळला आणि म्हटलं, "आता दाबून बघा."

त्यांनी दाबलं. पेडल वरच्यावर, दगडासारखं. त्यांनी परत दाबलं. मग मला म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी गादीवर पाय देत होतो?" ब्रेक एका दिवसात मऊ होत नाहीत. रोज केसभर होतात आणि पायाला त्याची सवय होत जाते, म्हणून रोज चालवणाऱ्यालाच ते कळत नाही.

रात्री शिवडीला गोदीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर दोघे फेरी मारून आलो. तीसवर, चाळीसवर, पन्नासवर ब्रेक मारून बघितले. गाडी सरळ रेषेत थांबत होती. उतरणीला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, पाय सतत ब्रेकवर नको, हेही सांगितलं. ऑइलच्या डबीवर मार्करने लिहिलं: ऑगस्ट २०२२. काकांनी ते वाचलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात बँकेतल्यासारखं नीट लिहिलं: पुढील, ऑगस्ट २०२४. ब्रेकच्या कामाचं बिल सात हजारांच्या आत झालं, टायर वेगळा. वेळेवर केलं असतं तर ब्रेक ऑइलची दोन-अडीचशेची बाटली आणि पिनांना बोटभर ग्रीस, एवढ्यावर भागलं असतं.

साडेदहाला ते निघाले. मला झोप लागली नाही. काम माझ्या हातचं होतं, तरी नाही लागली. कशेडीला पहाटे पोचतील असा हिशेब करत पडून होतो.

सकाळी साडेआठला फोन आला. मागे झांजा वाजत होत्या.

"पोचलो. माणगावला तीन तास अडकलो. घाटात काही झालं नाही. ऐक, पुतण्या आलाय पुण्याहून, ताम्हिणी घाटाने. आता त्याच्या गाडीत बसून पेडल दाबून बघितलं. गादी आहे. बोनेट उघडलं तर डबीत काळं."

"किती वर्षांची गाडी?"

"सहा. तो म्हणतो, चाललीच नाही."

"काका, ती गाडी घाटात जाता कामा नये. खेडला मेकॅनिक बघा. तोपर्यंत चावी घ्या त्याच्याकडून."

"घेतली," काका म्हणाले. "देवाच्या पाटाखाली ठेवलीय."