बॉनेटवरचं पिवळं कातडं

स्टीलचं नवं पातेलं आणलं की त्यावरचं स्टिकर कसं काढायचं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पातेलं गॅसवर दोन क्षण धरायचं, कोपरा नखाने उचलायचा आणि सावकाश ओढायचं. घाई केली की कागद फाटतो, चिकटा तसाच राहतो आणि पुढे आठ दिवस त्याला मळ धरतो. हे सगळं ठाऊक असूनही दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी सव्वासातला, नाशिकच्या गारठ्यात, मी गाडीच्या बॉनेटवर नखं मोडून घेत होते.

गाडी 2013 च्या दसऱ्याची, लाल. घरी आणायच्या आधीच बाबांनी तिला ‘लॅमिनेशन’ मारून घेतलं होतं. बॉनेटचा पुढचा हातभर भाग, दारांच्या कडा, हँडलमागच्या वाट्या आणि पुढच्या बंपरचे दोन्ही कोपरे. मुंबई-आग्रा हायवेवर पुढच्या ट्रकची खडी उडते, रंगाचे टवके जातात, म्हणून ही पारदर्शक फिल्म. चार-पाच वर्षं ती आहे हे दिसतही नव्हतं. पण आमच्या सोसायटीचं पार्किंग उघडं, दुपारनंतरचं सगळं ऊन थेट बॉनेटवर. फिल्म आधी पिवळी पडली, मग तिला भेगा गेल्या, मग भेगांत धूळ बसली. लांबून वाटायचं, कुणीतरी बॉनेटवर चहा सांडून पुसलाच नाही.

चांगली फिल्म पॉलियुरेथेनची असते, रबरासारखी ताणते. आमची स्वस्तातली, पीव्हीसीची. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं ते उन्हात वर्षानुवर्षं निघून जातं आणि मागे उरतो कडक पापड. खालचा गोंद मात्र मुरत जातो. त्यामुळे गार पत्र्यावर मी ओढत होते तेव्हा नखाएवढे तुकडे हातात येत होते आणि गोंद जागचा हलत नव्हता. पाऊण तासात तळहाताएवढी जागा झाली, तीही चिकट.

तेवढ्यात बाबा दाढीचं ब्लेड घेऊन खाली आले.

ह्यामागे इतिहास आहे. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली, 4 मेपासून. तेव्हा आमच्या आधीच्या गाडीच्या काचा बाबांनी साबणाचं पाणी आणि ब्लेड घेऊन एका दुपारी स्वच्छ केल्या होत्या. तो पराक्रम ते अजून सांगतात.

“अगं, सरक. दहा मिनिटांचं काम आहे.”

“बाबा, ती काच होती. हा रंग आहे.”

“मी हलक्या हाताने करतो ना!”

मी नको म्हणेपर्यंत एक हात फिरला होता. बॉनेटवर लोगोच्या जरा वर अर्ध्या इंचाची रेघ उमटली. काच ब्लेडला दाद देत नाही. गाडीचा रंग मात्र सगळे थर धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीची फार तर दोन पानं. त्यातला वरचा चकाकीचा थर त्याच्याही निम्म्याहून कमी. चांगल्या प्रतीची फिल्म त्या सगळ्या रंगापेक्षा जाड असते! जाड गोष्ट पातळ गोष्टीवरून ब्लेडने खरवडायची म्हणजे काय ते बघा. बाबांनी रेघेवर थुंकी लावून बोट फिरवलं आणि ब्लेड खिशात टाकलं.

गॅलरीतून आई हे सगळं बघत होती. “पातेल्याचं स्टिकर तरी अशी गार काढतेस का गं?” एवढंच म्हणाली आणि आत गेली. वास्तविक तिथेच सगळा प्रश्न सुटला होता.

अकरानंतर तास-दीड तास गाडी उन्हात राहू दिली आणि मग ढकलून सावलीत आणली. पत्रा फार तापलेला असला की गोंदाची पाकासारखी तार निघते, तेही नको. तळमजल्यावरच्या काकूंकडून वायर ओढून केसांचा ड्रायर लावला. हीट गन आणायला निघालेल्या बाबांना मीच थांबवलं. पहिल्यांदाच करणाऱ्याच्या हातात ती दिली तर रंगाला फोड यायला आणि बंपरचं प्लास्टिक वाकायला वेळ लागत नाही. ड्रायर वीतभर लांब धरायचा आणि सतत हलवत राहायचा. माप एकच: तळहात टेकवला तर चांगलाच गरम लागला पाहिजे, पण उचलावासा वाटता कामा नये.

आणि ओढायचं कसं, हे मला त्या दिवशी हाताला कळलं. आपण सहज वर, आपल्याकडे ओढतो. तसं नाही. सुटलेली कड उलटी दुमडायची आणि फिल्मच्याच अंगावरून, पत्र्याला जवळजवळ लगटून, मागे न्यायची. वर ओढलं की सगळा ताण रंगावर येतो. मागे नेलं की गोंद कडेकडेने सुटत जातो. गती मिनिटाला वीतभर, जास्त नाही. कान देऊन ऐकलं तर फिल्म स्वतःच सांगते. चर्रर्र आवाज आला की पत्रा गार झालाय, थांबायचं, परत ड्रायर. नीट ऊब असेल तेव्हा आवाजच येत नाही. दुधावरची जाड साय बोटाने उचलावी तशी पट्टी वर येते. अशी पहिली अखंड पट्टी निघाली तेव्हा बाबांनी ती उजेडात धरून बघितली.

बॉनेट आणि दारं दुपारी तीनपर्यंत झाली. बंपरचा डावा कोपराही. उजव्या कोपऱ्याला तीच ऊब, तोच हात, आणि फिल्मबरोबर रुपयाच्या नाण्याएवढा लाल रंग उचलला गेला. खाली करडा प्रायमर नाही, काही नाही, थेट आमचा जुना लाल रंग.

“बाबा, हा कोपरा रंगवून घेतलाय?”

बाबा चप्पल शोधू लागले.

“बाबा.”

“2017 ला. गेटला जरा घासली होती. जरा.”

कंपनीत भाजलेला रंग सहसा फिल्मबरोबर येत नाही. येतो तो नंतर मारलेला. इथे तर त्या पेंटरने घाईत जुन्या रंगाला पॉलिश पेपरही मारलेला दिसत नव्हता, आणि संध्याकाळी लगेच वर नवी फिल्म चिकटवून दिली होती. ताज्या रंगातला सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्रव, उडून जायला काही आठवडे जावे लागतात, त्याच्या आधीच वर झाकण. म्हणून माझं ऐका: फिल्मला हात लावण्याआधी घरातल्या ज्येष्ठांना गाडी कुठे कुठे घासली होती ते विचारा, शपथ घालून विचारा. तो भाग शेवटी घ्या, आणि सुटेना झाला तर सरळ जाणकाराकडे न्या.

राहिलेल्या गोंदासाठी बाबा दुकानातून थिनर घेऊन आले. तो मी उघडूच दिला नाही. नंतर मारलेला रंग थिनरने गोंदाआधी विरघळतो. आईचं खोबरेल कापसाने थापलं, वीस मिनिटं ठेवलं आणि अंगठ्याने चोळलं. गोंदाच्या शेवया वळून निघाल्या. हट्टी जागांवर प्लास्टिकची पट्टी, जुनं एटीएम कार्ड चालतं. मग शाम्पूचं पाणी, आणि तेलाचा अंश जावा म्हणून मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ फडक्यावर घेऊन.

पत्रा स्वच्छ झाला आणि नवीनच गोष्ट दिसली. फिल्मखालचा भाग 2013 च्या दसऱ्याचा लालबुंद, बाकीचं बॉनेट उन्हाने विटलेलं. मधे पट्टीने आखल्यासारखी सीमारेषा. दुसऱ्या दिवशी पॉलिशने विटलेली बाजू दोन तास घासली, रेषा बरीच मावळली. भर दुपारी अजून दिसते. ब्लेडची रेघ पण.

बंपरवरच्या नाण्याएवढ्या जागेवर बाबांनी रांगोळीच्या ब्रशने टचअपचा लाल रंग भरला, जीभ दाताखाली धरून. आई चहा घेऊन आली आणि कप बॉनेटवरच ठेवून वाकून बघू लागली.

“2017 म्हणजे माझ्या माहेरचं लग्न होतं तेव्हा,” ती म्हणाली. “रिक्षावाल्याने घासली, असं सांगितलं होतंत तुम्ही मला.”