सोनाराच्या बायकोच्या गळ्यातलं लोखंड

माझ्या बायकोच्या गळ्यात मंगळसूत्राखाली हल्ली एक लोखंडी पदक असतं. रुपयाएवढं, काळंकुट्ट, वर सोन्याच्या तारेची वेलबुट्टी. म्हापशाच्या बाजारात तीन पिढ्यांची पेढी असलेल्या सोनाराच्या बायकोनं लोखंड घालायचं म्हणजे साडेसाती लागली की काय, असं शेजारच्या कापडवाल्यानं तोंडावर विचारलं. त्याला सांगितलं, मग त्याच्या भावाला सांगितलं, मग शुक्रवारच्या बाजाराला आलेल्या निम्म्या गिऱ्हाइकांना सांगितलं. शेवटी ठरवलं, एकदा लिहूनच काढू. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण लिहायला बसलो की हात मराठीतच चालतो. आजोबांच्या खातेवहीपासूनची ही सवय.

धाकटी लेक माद्रिदला शिकते. माझी साठी झाली तेव्हा तिनं तिकिटं पाठवली, आणि आम्ही जूनमध्ये गेलो. आमचा धंदा जूनमध्ये झोपलेला असतो. लग्नं आटोपलेली, चवथ लांब. इकडे मिरगाचा पाऊस कोसळत होता आणि तिकडे पस्तीस अंशांचं कोरडं ऊन. घाम येतो आणि अंगावर यायच्या आत वाळतो, हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला.

लेकीनं एक दिवस तोलेदोसाठी ठेवला होता. खाजगी सहल, म्हणजे आपलीच गाडी, आपलाच गाईड, सोबत चाळीस माणसांचा कळप नाही. तोलेदो माद्रिदपासून सत्तर किलोमीटरवर. म्हापसा ते काणकोण धरा, त्याहून थोडं कमीच. आतोचा स्टेशनवरून गाडी पकडली तर अर्ध्या तासात पोचता येतं. पण बायकोचे गुडघे आणि माझा हट्टी स्वभाव, दोन्ही लक्षात घेऊन लेकीनं जास्तीचे पैसे मोजले.

बुक करताना लिहिलं होतं, आठ तास, सगळं धरून. नऊची गाडी पावणेदहाला आली. आठ तासांसाठी होता तो ड्रायव्हर; गाईड तोलेदोत भेटणार आणि चारच तास सोबत असणार. कॅथेड्रलचं तिकीट त्या 'सगळ्यात' नव्हतंच. सोनाराला वजनात मारलं की लगेच कळतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात लेकीनं हात दाबला. तुम्ही कधी गेलात तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारून घ्या: गाईड किती तास, आणि तिकिटं कुणाच्या खिशातून.

ड्रायव्हरनं पहिल्यांदा नदीपलीकडच्या टेकडीवर गाडी थांबवली. समोर अख्खं गाव एका खडकावर चढून बसलेलं, आणि तीन बाजूंनी नदीचा वेढा. ही ताहो. हीच नदी पुढे पोर्तुगालात शिरते, तिथं तिला तेजो म्हणतात, आणि लिस्बनला समुद्राला मिळते. वास्को द गामा गलबतं घेऊन निघाला तो तिच्याच मुखातून. मी बायकोला म्हटलं, हे खालचं पाणी आपल्याच वाटेला लागलंय. ती म्हणाली, आधी सावलीत चला.

गाईडबाई पंचेचाळिशीच्या, पायांत सपाट बूट, हातात पंखा. इंग्रजी चांगलं, फक्त ते तोफेसारखं सुटायचं. कुठून आलात विचारलं. गोवा म्हटल्यावर "आ, पोर्तुगाल!" म्हणाल्या. मी म्हटलं, साठ वर्षं तुमचेही होतो. १५८० ते १६४० पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, तेव्हा गोवाही त्याच्याच अमलात आला. जुन्या गोव्यात मांडवीकाठी व्हाइसरॉयची कमान उभी आहे, ती वास्कोच्या पणतूनं याच काळात बांधलेली. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी पंखा मिटला, आणि तिथून पुढं त्या मला पाहुणा सोडून नातेवाइकासारखं वागवू लागल्या. म्हणजे जरा जास्तच दटावून.

पोर्तुगालची गादी घेणारा तो स्पेनचा राजा म्हणजे दुसरा फिलिप, त्यानंच १५६१ मध्ये दरबार तोलेदोहून माद्रिदला हलवला. राजा गेला तरी गाव राहिलं. अजून माणसं राहतात, गॅलरीत चादरी वाळत घातलेल्या, गल्लीत एक म्हातारा खुर्ची टाकून बसलेला. आपल्या जुन्या गोव्यात संध्याकाळी सहानंतर उभं राहून बघा. दोन्ही ठिकाणं युनेस्कोच्या यादीत एकाच वर्षी आली, १९८६ ला. पाटी सारखीच, पण एका ठिकाणी पाटीमागं घरं आहेत.

कॅथेड्रलचं काम १२२६ ला सुरू झालं आणि १४९३ ला संपलं. खांब, काचा, छत, बाईंनी सगळं दाखवलं. मी मान हलवत होतो. मग त्यांनी खजिन्याच्या खोलीत नेलं आणि काचेमागची कुस्तोदिया दाखवली, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर ठेवून मिरवायचं सोन्याचांदीचं मखर. तिथं मी अडकलो.

कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला ही मिरवणुकीत निघते. उंची माणसाच्या डोक्यावरून चांगली वर. सुमारे १८३ किलो चांदी आणि १८ किलो सोनं. मी तिथंच मनात हिशेब केला: जुन्या तोळ्यानं दीड हजार तोळे सोनं. एन्रिके दे आर्फे नावाच्या मूळच्या जर्मन कारागिरानं १५१५ मध्ये काम हातात घेतलं. आतला सोन्याचा भाग त्याच्या आधीचा, इसाबेल राणीकडचा. अमेरिकेतून आलेल्या पहिल्या सोन्याचा तो, असं सांगतात. पण मला सोन्यापेक्षा जोडकामानं वेड लावलं. पाच हजारांवर सुटे तुकडे आणि ते धरायला साडेबारा हजार स्क्रू. म्हणजे सगळं उलगडता येतं. काळवंडलं की सोडवा, घासा, पुन्हा जोडा. आमच्या वडलांनी एका देवळाची प्रभावळ केली होती तेव्हा हीच चिंता होती: पुढच्या पिढीला ती साफ कशी करता येईल? त्यांनी आठ तुकडे केले आणि गावभर सांगत सुटले.

बाई म्हणाल्या, मिरवणुकीच्या दिवशी रस्त्यावर थाइमचा पाला अंथरतात, गल्ल्यांवर कापडाचे मांडव टाकतात. बाहेर आलो तर ते मांडव अजून डोक्यावर होते. पालखी हाच शब्द माझ्या तोंडात आला. बाईंना तो शिकवला. त्या "पाल्की" म्हणाल्या, चालेल.

सांता मारिया ला ब्लांका पांढरीशुभ्र. नालेच्या आकाराच्या कमानींच्या रांगा, खांबांच्या माथ्यावर पाइनची फळं कोरलेली. बाराव्या शतकात ज्यूंनी प्रार्थनेसाठी बांधून घेतलेली, हात मुसलमानी पद्धतीच्या कारागिरांचे, राज्य ख्रिस्ती राजाचं, आणि पुढं तिचं चर्च झालं. १४९२ ला ज्यूंना देशाबाहेर काढलं. बाई हे सगळं हळू आवाजात सांगत होत्या. मी त्यांना बॉम जेझूच्या बासिलिकेतली सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी सांगितली. १६३६-३७ मध्ये गोव्यातल्या सोनारांनी घडवलेली, म्हणजे पुन्हा स्पेनच्या राजाच्याच काळात, आणि इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, जोरात असताना. मीही नाताळाआधी कुरीस, म्हणजे क्रूस, करतो, वर्षाला शंभर तरी. त्यावर बाई काहीच बोलल्या नाहीत, मीही नाही.

मग त्यांनी आम्हाला एका मोठ्या दुकानात नेलं. दारात लोखंडी चिलखत घातलेला पुतळा, भिंतीवर तलवारी, आत थंडगार हवा. मी चाळीस वर्षं म्हापशाच्या बाजारात काढली आहेत. गाडीवाला गिऱ्हाईक कुठल्या दारात उतरवतो आणि का, हे मला कुणी शिकवायला नको. काचेखाली काळ्या धातूवर सोनेरी नक्षीची पदकं मांडली होती. "दमास्किनादो, हाताचं काम," विक्रेता म्हणाला. मी खिशातून भिंग काढलं. ते कायम खिशात असतं, लग्नालाही. सहा पदकं पाहिली, सहाही पदकांवर तेच पान त्याच ठिकाणी मुडपलेलं. ठशातून काढलेला माल, वर सोन्याचं पाणी. "मशीन," एवढंच म्हटलं. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाई लाल झाल्या आणि मग खो खो हसल्या.

सांतो तोमेच्या चर्चमध्ये एल ग्रेकोचं मोठं चित्र आहे, काउंट ऑर्गासचं दफन. लोक वर स्वर्गाकडे बघतात. मी खाली बघत होतो, कारण मेलेल्या काउंटच्या अंगावर काळं चिलखत होतं आणि त्यावर सोन्याचे पट्टे. मी बाईंना विचारलं, हे खरं अजून कुणी करतं का? त्यांनी घड्याळ पाहिलं. पुढं आल्काझारचा किल्ला आणि सान हुआन दे लोस रेयेसचा मठ राहिला होता. मी म्हटलं, आल्काझार पळून जात नाही. तिथंच त्या चाळीस माणसांच्या कळपाचे आणि आमचे रस्ते वेगळे झाले.

ज्या गल्लीत नेलं तिथं दोन माणसं शेजारून चालू शकत नव्हती. छोटी खोली, खिडकीशी मेज, मेजाशी माझ्याच वयाचा माणूस. पुढ्यात लाकडी ठोकळा, त्यावर राळ, राळेत रुतवलेली पोलादाची चकती. राळ बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. उठावाचं काम आम्हीही राळेवरच करतो, वासही तोच.

त्यानं धारदार अवजारानं चकतीवर रेघा ओढल्या. आधी एका दिशेनं, मग तिरप्या, मग उलट्या तिरप्या. इतक्या दाट की नुसत्या डोळ्यांना पोलाद फक्त मळल्यासारखं दिसतं. भिंगातून पाहिलं तर किसणीसारखे दात उभे. मग सोन्याची तार, २४ कॅरेट. आमचं २२ इथं चालणार नाही, तांब्यामुळं ते ताठ होतं आणि दातांत रुतत नाही. डाव्या हातानं तो तार वळवत नेत होता आणि उजव्या हातानं बारीक ठोकणीनं टिक टिक टिक. झाळ नाही, आग नाही. पोलादाच्या दातांनी सोनं चावून धरलेलं, बस्स. मग सगळा तुकडा कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या कढत पाण्यात सोडतात. पोलाद निळसर काळं पडतं, सोन्याला काही होत नाही. शेवटी तारेवर पुन्हा बारीक ठोके मारून पानांच्या शिरा काढतात.

हे काम आपल्याकडेही आहे. राजस्थानात तलवारीच्या मुठींवर करतात, त्याला कोफ्तगिरी म्हणतात. बीदरची बिदरी त्याची लांबची बहीण. पण मी ते होताना कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं सोन्यात घालवून मला हे सत्तर किलोमीटर गाडीनं आणि एवढं विमानानं जाऊन बघावं लागलं.

त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश. त्यानं माझा उजवा अंगठा पाहिला, तारेनं पडलेला घट्टा, आणि ठोकणी माझ्या हातात दिली. पहिल्याच ठोक्याला माझी तार तुटली. म्हणजे आम्ही पातळ तारेवर जितक्या जोरानं मारतो तोही जोर इथं जास्त होतो. तो मनापासून हसला. तासभर झाला. बाईंचे चार तास केव्हाच संपले होते, पण त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बायकोला फोनवर आपल्या मुलांचे फोटो दाखवत होत्या. लेक दारातून म्हणाली, "पप्पा, पुरो आतां!"

पदक तिथलंच. घासाघीस केली नाही. दुसऱ्या सोनाराच्या दुकानातून बायकोला दागिना घेण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि त्याबद्दल मी आयुष्यभर ऐकणार आहे.

परतताना बाईंनी एका मठात नेलं. भिंतीत लाकडी फिरता पिंप. आतून जोगीणबाईंचा आवाज, आपण फळीवर पैसे ठेवायचे, पिंप फिरतो आणि मार्झिपानचा, म्हणजे बदाम-साखरेच्या मिठाईचा, डबा समोर येतो. माणूस दिसत नाही. तोलेदोचं नाव लावायचं तर त्यात निम्मा तरी बदाम लागतो. बायकोनं गाडीत एक तोडून खाल्लं आणि निकाल दिला: शेजारच्यांच्या नाताळच्या ताटातलं काजूचं जास्त चांगलं. आल्काझार खिडकीतून दिसला. सान हुआनच्या भिंतीवर सुटलेल्या कैद्यांच्या बेड्या टांगलेल्या आहेत, त्याही गाडीतूनच.

पाऊस उघडल्यावर मी आईचा जुना अडकित्ता काढला आणि त्याच्या दांड्यावर दात काढायला घेतले. पहिली तार नखानं निघाली. दुसरी रात्रभर राहिली, सकाळी पुसताना गेली. रेघा एकाच दिशेनं काढल्या होत्या. तिसऱ्या खेपेला आंब्याचं एक पान बसलंय, बोटभर, अजून आहे. आता फक्त काळं करायचं राहिलंय. कॉस्टिक सोडा आणून ठेवला आहे, पण बायको तो स्वयंपाकघराच्या आसपास फिरकू देत नाही, आणि पेढीवर उकळायला शेगडी नाही.